पट्टा लावला की अंगावर धावणारा कुत्रा: पहिल्यांदाच शिकवायला घेणाऱ्यांसाठी

घरात पायाशी लोळणारा, कामवाल्या मावशींच्या मागेमागे फिरणारा कुत्रा गेटबाहेर पडतो. समोरून दुसरा कुत्रा दिसला की मागच्या पायांवर उभा राहतो, भुंकतो, पट्टा ताणून धावून जातो. पट्टा धरणाऱ्याची चार लोकांत शोभा होते ती वेगळीच. 'मोकळा सोडला तर काही करत नाही हो, पट्टा लावला की असं करतो,' हे कुत्रेवाल्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरं असतं.

मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत. वळसा घेतात, मध्येच जमीन हुंगतात, नजर बाजूला वळवतात, कडेने येऊन वास घेतात आणि नाही पटलं तर निघून जातात. दीड-दोन मीटरच्या पट्ट्यावर यातलं काहीच करता येत नाही. आपण फुटपाथवरून नाकासमोर चालतो, त्यामुळे दोन कुत्री थेट तोंडासमोर येतात, आणि कुत्र्यांच्या रीतीने हा चक्क उद्धटपणा आहे. त्यात दुसरा कुत्रा दिसला की आपला हात नकळत पट्टा आवळतो. कुत्र्याची मान वर खेचली जाते, अंग ताठ होतं, आणि आता काहीतरी होणार हे त्याला कळतं. घाबरलेल्याला पळायला वाट नसते, मग तो आवाज करून समोरच्याला पळवू बघतो. समोरचा तसाही आपल्या वाटेने जाणारच असतो, पण आपल्या कुत्र्याच्या हिशेबात भुंकण्याचा उपयोग झालेला असतो. दिवसातून तीन-चार वेळा असा 'उपयोग' झाला की सवय पक्की व्हायला वेळ लागत नाही.

सगळेच घाबरून भुंकतात असंही नाही. काहींना दुसऱ्या कुत्र्याकडे जायचंच असतं. लहानपणी प्रत्येक कुत्र्याला भेटू दिलेलं असतं, आता पट्टा अडवतो म्हणून चिडचिड होते. अशा कुत्र्याचं अंग पुढे झुकलेलं असतं, आवाजात केकाटणं मिसळलेलं असतं, आणि समोरचा गेला की तो रडवेला होतो. घाबरलेला कुत्रा आधी थबकतो, तोंड मिटतो, ओठ चाटतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरका बघतो, शेपूट खाली घेतो किंवा ताठ धरतो, आणि मग एकदम उसळतो. समोरचा गेला की सुटल्यासारखा अंग झटकतो. दोघांनाही शिकवायची पद्धत जवळजवळ एकच: पट्ट्याने हिरावून घेतलेलं अंतर तुम्ही त्याला परत द्यायचं. या लेखातलं बाकी सगळं ते अंतर कसं द्यायचं आणि मग हळूहळू कसं कमी करायचं याबद्दल आहे.

शिकवण्याआधी व्हेट

आधीपासून शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर शिकवण्याआधी तपासणी. कानातला संसर्ग, किडलेले दात, लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये नेहमी दिसणारी खुब्याची दुखणी, थायरॉइड, आणि आपल्याकडे बारमाही असलेला गोचीड-ताप. अंग दुखत असलेल्या कुत्र्याला कुणी जवळ आलेलं नको असतं, आणि हे दुखणं खाऊ देऊन जात नाही. रक्ततपासणी करून घ्या, सांधे हलवून बघायला सांगा. रेबीजची लस आणि लसीचं पुस्तक याच फेरीत मार्गी लावा, पुढे ते लागेल.

आठवडाभर नुसती वही

पहिल्या आठवड्यात काही सुधारायला जाऊ नका. रोज फिरून आल्यावर चार ओळी लिहा: काय दिसलं, किती लांब होतं, कुत्र्याने आधी काय केलं, नंतर काय केलं, आणि त्या दिवशी आणखी काय घडलं होतं.

हा शेवटचा रकाना सगळ्यात बोलका ठरतो. कुत्र्याचा ताण साठत जातो. सकाळी लिफ्टमध्ये कुणीतरी अंगावर वाकलं, दुपारी शेजाऱ्यांकडे ड्रिलिंग मशीन चाललं, संध्याकाळी कुरिअरवाला दोनदा बेल वाजवून गेला. यातल्या एकाही गोष्टीवर तो भुंकला नसेल, पण रात्रीच्या फेरीत एरवी दुर्लक्ष केलं असतं अशा मांजरावर तो तुटून पडतो. पुण्यात गणपतीच्या दोन महिने आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. त्या भागातल्या बऱ्याच कुत्र्यांचं वागणं त्याच काळात बिघडतं आणि मालक मात्र ट्रेनर बदलत बसतात. दिवाळीच्या आठवड्याचं तर बोलायलाच नको. त्या दिवसांत नवीन काही शिकवू नये, शिकलेलं टिकलं तरी पुष्कळ.

आठवड्याच्या शेवटी वहीतून एक आकडा काढा: दुसरा कुत्रा किती लांब असताना तुमचा कुत्रा त्याला बघतो, कान टवकारतो, पण तुम्ही दिलेला तुकडा अजून खातो? पंधरा मीटर असेल, पन्नास असेल. इमारतीचे खांब, उभ्या गाड्या, विजेचे दिवे मोजून अंदाज घ्या. याच आकड्यावर पुढचं काम उभं राहणार आहे. आवडता खाऊ नाकापुढे धरूनही तो बघत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, तो हट्टी वगैरे काही नाही.

अंगावर काय बांधायचं

छातीपुढे इंग्रजी वाय अक्षरासारखे पट्टे येणारा हार्नेस घ्या. खांदे मोकळे राहिले पाहिजेत. छातीवरही एक कडी असेल तर उत्तम. मोठा कुत्रा ओढायला लागला तर तिथे पट्टा अडकवल्यावर तो आपोआप तुमच्याकडे वळतो. गळ्यात साधी रुंद कॉलर, तिच्यावर तुमचा फोन नंबर. पट्टा दोन मीटरच्या आसपास, हाताला न कापणारा, कापडी किंवा चामड्याचा. लोखंडी साखळी नको, ती जड असते आणि तिच्या खडखडाटानेच कुत्रा सावध होतो. बटण दाबून लांब-आखूड होणारा पट्टाही नको. त्यात दोरी कायम ताणलेली राहते, आणि ऐन वेळी त्याची प्लॅस्टिकची मूठ हातातून निसटली की ती खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि तो वाट फुटेल तिकडे धावतो.

घाबरलेली कुत्री उलट्या पावली हार्नेसमधून निसटतात. गावठी कुत्री यात पटाईत. कारवानी या शिकारी जातीसारख्या अरुंद डोक्याच्या आणि लांब मानेच्या कुत्र्यांना साधी कॉलर डोक्यावरून सरकवून टाकता येते, त्यांना ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारी रुंद मार्टिंगेल कॉलर लागते. कॉलर आणि हार्नेस जोडणारा छोटा दुवा लावला की एक सुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. ही जोडणी रोज दारातून निघण्याआधी हाताने ओढून बघायची.

कमरेला खाऊची पिशवी. आत उकडलेलं चिकन, लिव्हर, अंडं. घरात मांसाहार चालत नसेल तर पनीर किंवा चीज. तुकडा वाटाण्याएवढा. बाहेरच्या ताणापुढे कोरडं बिस्कीट टिकत नाही, त्यामुळे इथे काटकसर करू नका. तुकडे जास्त जाणार त्या दिवशी जेवण तेवढं कमी करा. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट यांपैकी काहीही खाऊत नको.

पायरी पहिली: भांडणाचा सराव बंद करा

ही पायरी कुणालाच आवडत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे कुत्र्याला भुंकायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करायची. प्रत्येक उसळीबरोबर सवय आणखी घट्ट होते, म्हणून एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर त्याच पॉमेरेनियनशी सामना करायचा, असं चालत नाही.

वेळा बदला. पहाटे साडेपाच आणि रात्री साडेदहानंतर सोसायट्या रिकाम्या असतात. उन्हाळ्यात तसंही हेच करावं लागतं, कारण मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर पावलं भाजेल इतकं तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही तिथे चालवू नका. रस्ते बदला: शनिवार-रविवारची औद्योगिक वसाहत, शहराबाहेरचं मोकळं माळरान, टेकडीचा कमी वावराचा उतार. अशा ठिकाणी हार्नेसला पाच मीटरची लांब दोरी लावा आणि त्याला मनसोक्त हुंगू द्या. वीस मिनिटांचं हुंगणं तासाभराच्या ओढाओढीपेक्षा त्याला जास्त शांत करतं. लांब दोरी कॉलरला कधीच बांधू नये, धावत सुटून झटका बसला तर मानेला इजा होते.

आणि हो, रोज फिरायला नेलंच पाहिजे असा काही कायदा नाही. फटाके, पाऊस, तुमचंच डोकं फिरलेलं, अशा दिवशी शी-शूपुरतं खाली नेऊन आणा. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा. कुत्रा काही म्हणत नाही, अपराधी आपल्यालाच वाटतं.

पायरी दुसरी: घरातले तीन खेळ

बाहेर लागणारं सगळं आधी हॉलमध्ये, मग जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये पक्कं करायचं.

पहिला, 'हो'. 'हो' म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, बस. काही दिवसांत 'हो' ऐकताच मान तुमच्याकडे वळते. शब्द कोणताही चालतो, फक्त रागावताना किंवा फोनवर बोलताना सारखा तोंडात येणारा नसावा.

दुसरा, 'चल चल'. चालता चालता आनंदी आवाजात 'चल चल' म्हणून उलट दिशेला वळायचं आणि कुत्रा वळून बरोबर आला की दोन-तीन तुकडे. पट्टा ओढायचा नाही, आवाजावर वळला पाहिजे. दोन गाड्यांमधून अचानक कुणी कुत्रा घेऊन आलं की हाच खेळ तुम्हाला वाचवणार आहे, म्हणून गरज नसतानाही रोज खेळा. फक्त संकटातच वापरला तर 'चल चल' म्हणजे धोका असं कुत्रा शिकतो.

तिसरा, 'शोध'. मूठभर तुकडे जमिनीवर फेकून 'शोध' म्हणायचं. नाक खाली गेलं की नजर सुटते, श्वास बदलतो, आणि समोरच्या कुत्र्यालाही हा भांडायच्या तयारीत नाही असा निरोप जातो.

'बस', 'झोप', 'शेकहँड' येत असेल तर छान, पण इथे त्याचा फारसा उपयोग नाही. घाबरलेल्याला जागच्या जागी बसवून संकट जवळ येताना बघायला लावणं उलट त्रासाचंच असतं.

पायरी तिसरी: दिसला की खाऊ

आता खरं काम. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनक्रियेच्या अभ्यासासाठी मिळालं. त्यांची खाण्याआधीच लाळ गाळणारी कुत्री मात्र जगभर जास्त गाजली. अन्नाआधी येणाऱ्या खुणेचा अर्थ कुत्र्याच्या शरीरात बदलतो, एवढंच आपल्याला त्यातून घ्यायचं आहे. 'दुसरा कुत्रा' या खुणेचा आजचा अर्थ 'संकट' आहे, तो 'चिकन' करायचा.

जागा अशी निवडा की दुसरी कुत्री लांबून, अंदाज येईल अशी जाताना दिसतील आणि तुम्हाला मागे हटायला मोकळी वाट असेल. मोठ्या मैदानाची कड, बागेच्या समोरच्या बाजूचा फुटपाथ. वहीतल्या आकड्यापेक्षा थोडं लांबच उभे राहा. पट्टा ढिला, हात पोटाशी, खाऊ पिशवीतच.

दुसरा कुत्रा दिसतो. तुमचा कुत्रा त्याच्याकडे बघतो. बघितलं की 'हो', आणि तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. समोरचा दिसेनासा झाला की खाऊ बंद, पिशवीकडे हातसुद्धा नको. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. नवशिके दुसरा कुत्रा दिसताच घाईने आधी चिकन काढतात. मग काही दिवसांनी पिशवीची चेन वाजली तरी कुत्रा दचकून आजूबाजूला शोधू लागतो, कारण चिकन म्हणजे कुणीतरी येतंय हे त्याने ओळखलेलं असतं. कुत्र्याचं तोंड दाबून आपल्याकडे वळवणं, नाकासमोर तुकडा फिरवत ओढत नेणं हेही नको. त्याने बघायला हवं, बघितल्याशिवाय तो शिकणार कशाचा अर्थ?

पाच-दहा मिनिटं झाली की घरी. दहा मिनिटांत दोन-तीन कुत्री दिसली तरी पुरे.

काही फेऱ्यांनंतर एक दिवस तो समोरच्याला बघेल आणि तुम्ही काही म्हणायच्या आत तुमच्याकडे वळून 'आता?' अशा चेहऱ्याने बघेल. अर्थ बदलायला लागल्याची हीच खूण. यानंतर 'हो' म्हणायला एखादा क्षण थांबा, त्याला स्वतःहून वळू द्या, आणि वळला की सढळ हाताने द्या. असं सहज, सैल अंगाने, वेगवेगळ्या दिवशी होऊ लागलं की अंतर दोन-तीन पावलांनी कमी करा. दोन गोष्टी एकदम अवघड करू नका. जवळ गेलात तर समोरचा कुत्रा शांत हवा आणि वेळ थोडा हवा. समोरचा पळत असेल, भुंकत असेल, मोठा काळा असेल, तर पुन्हा लांब व्हा. कुत्रा घाईघाईने तुकडे ओरबाडून घ्यायला लागला, बोटांना दात लागायला लागले, की ताण वाढला म्हणून मागे सरायचं. तुकडा तोंडातून खाली पाडला तर लगेच निघायचं.

'पण भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकणं वाढणार नाही का?' हे प्रत्येक घरात कुणीतरी, बहुधा आजोबा, विचारतातच. अंतर बरोबर असेल तर कुत्रा भुंकायच्या आत खातो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. अंदाज चुकून तो भुंकला आणि तरी खाल्लं, तरी बिघडत नाही. भीती ही त्याने ठरवून केलेली गोष्ट नव्हे, ती खाऊने वाढत नाही. भुंकण्यामागची भीती उतरली की भुंकणं मागोमाग उतरतं.

किती दिवस लागतील, याचं एकच उत्तर नाही. लहान, थोडे दिवस भुंकणारा आणि मोकळ्या जागेजवळ राहणारा कुत्रा लवकर सुधारतो. चार वर्षं रोज भांडलेला, अठराव्या मजल्यावर राहणारा कुत्रा महिन्यांच्या हिशेबात जातो, आणि मध्ये मागेही येतो. शेवटी त्याने सगळ्यांशी मैत्री करावी ही अपेक्षा सोडून द्या. समोरच्या फुटपाथवरचा कुत्रा बघून तो पुढे चालू लागला की काम झालं. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना अनोळखी कुत्री आवडतच नाहीत, आणि तसं असण्यात काही वावगं नाही.

लिफ्ट, जिना, गेट

मैदानावर अंतर मिळतं, फ्लॅटच्या इमारतीत ते चोरावं लागतं. लिफ्ट ही सगळ्यात वाईट जागा: दार उघडेपर्यंत समोर कोण आहे कळत नाही, आणि उघडल्यावर हातभर अंतरही नसतं. खालच्या तीन-चार मजल्यांवर राहत असाल तर जिनाच बरा. वरच्या मजल्यावर असाल तर दारापासून तीन-चार पावलं मागे, एका बाजूला उभे राहा. आत कुणी असेल तर हसून 'तुम्ही जा पुढे' म्हणा. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये, आणि प्रत्येक मजल्यावर थांबण्याआधी जमिनीवर 'शोध'. दार उघडायच्या वेळी नाक खाली असलं की निम्मं काम झालं.

वॉचमनशी बोलून ठेवा. गेटवर कोण येतंय-जातंय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या कुत्रेवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर सरळ लिहा: माझा कुत्रा शिकतोय, मी सव्वासहाला उतरते, तुम्ही कधी उतरता? लोक टोमणे मारतील असं वाटतं, प्रत्यक्षात निम्म्या जणांकडे तीच अडचण निघते आणि वेळापत्रक जुळून जातं. कुत्र्याच्या पट्ट्यावर 'जवळ येऊ नका' अशी ठळक अक्षरांची पट्टी लावता येते. लहान मुलं तरीही धावत येतातच. 'थांबा, तो घाबरतो' हे मोठ्याने म्हणायची लाज बाळगू नका. 'चावतो' म्हटलं तर वाद सुरू होतो, 'घाबरतो' म्हटलं की पोरंसुद्धा समजुतीने थांबतात.

गल्लीतली कुत्री

बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंमध्ये हा भाग नसतो, आणि आपली निम्मी अडचण तर इथेच आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते: हा ट्रान्सफॉर्मर ते तो चहाचा ठेला. हद्दीच्या काठावर ती भुंकतात, हद्द ओलांडली की बहुतेक वेळा मागे फिरतात. तुमच्या वहीत या हद्दी काढून ठेवा, आणि त्यांच्या जेवणाच्या वेळाही. जेवण वाढणाऱ्या काका-काकूंशी ओळख करून घेतलीत तर कोणता कुत्रा नुसता बोलघेवडा आणि कोणता खरा अंगावर येणारा, ही माहिती फुकट मिळते. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी आणि तेव्हाचं लसीकरण झालेलं असतं, पण त्यानंतरची लस वेळेवर मिळाली आहे की नाही हे खाचेवरून कळत नाही.

एखादा मागे लागला तर पळू नका. तुमच्या कुत्र्याला पाठीमागे घ्या, त्या कुत्र्याकडे रोखून न बघता कडेने वळसा घेत हद्दीबाहेर चालू लागा. खाऊची मूठ त्याच्या दिशेने लांब फेका, बहुतेक जण तिथेच थांबतात. हातात छत्री असेल तर ती त्याच्या दिशेने उघडा. पावसाळा सोडूनही मी छत्री सुचवते: काठी उगारली की टोळी चिडते, छत्रीमागे मात्र तुमचा कुत्रा दिसेनासाच होतो. फक्त आपल्या कुत्र्याला आधी घरी उघडझाप करून छत्रीची सवय लावा. लहान कुत्र्याला उचलून डोक्यावर धरायचा मोह आवरा. खालची कुत्री उड्या मारू लागतात आणि चावा तुमच्या हाताला बसतो.

टोळी मोठी आणि कायम आक्रमक असेल तर तो रस्ता सोडा. हा शिकवण्याचा विषयच नाही. तुमच्या कुत्र्याची भीती तिथे अगदी रास्त आहे.

भडका उडालाच तर

उडणारच कधीतरी. त्या क्षणी काही शिकवता येत नाही, फक्त निघता येतं. ओरडू नका, झटका देऊ नका, माफी मागत उभे राहू नका. पट्टा दोन्ही हातांनी पोटाशी धरा, 'चल चल' म्हणून वळा, नाही वळला तर न बोलता चालत ओढून घ्या. गाडी, भिंत, झाड, जे आडवं मिळेल त्याच्या मागे जा. थांबल्यावर 'शोध', आणि थेट घरी. दुसरा दिवस हलका ठेवा: रिकामा रस्ता, नुसतं हुंगणं. वहीत लिहा, अंतर वाढवा, पुढे चला.

'त्याला बॉस कोण ते दाखवा'

हा सल्ला तुम्हाला गेटवरच मिळेल. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं निरीक्षण छापलं. त्यातून 'अल्फा', म्हणजे कळपाला दाबात ठेवणारा म्होरक्या, ही कल्पना पसरली आणि लोकांनी ती कुत्र्यांवर लादली. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे ती आणखी लोकप्रिय झाली, आणि जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पोरं. कुत्र्याला जमिनीवर उताणा पाडून दाबणं, गळ्यात काटेरी कॉलर, फास बसणारी साखळी, विजेचा झटका देणारी कॉलर, हे सगळं त्याच कल्पनेची पिलावळ.

झटक्याने भुंकणं थांबतं, नाही असं नाही. पण कुत्र्याच्या बाजूने बघा: समोर दुसरा कुत्रा दिसला आणि मान दुखली. त्याची शंका खरी ठरली. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही, आणि मग एक दिवस काहीही सूचना न देता चावतो. गुरगुरणं ऐकू येतंय तोवर बरं समजा.

मझल, चावा आणि कायदा

एकदा कुणाला चावलेला किंवा चावण्याच्या बेतात आलेला कुत्रा मझलशिवाय, म्हणजे तोंडावर बसवायच्या मुसक्याशिवाय, बाहेर नेऊ नका. जाळीदार टोपलीसारखा मझल घ्या, ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊ घेऊ शकतो. कापडी, तोंड घट्ट आवळणारा मझल व्हेटकडे दोन मिनिटांसाठी ठीक. आपल्या उन्हात चालताना तो घातला तर उष्माघाताला निमंत्रण. सवय घरीच लावा: मझलच्या आत पनीर चिकटवा, तो स्वतः तोंड घालू दे, पट्टा लावायला घाई नको.

चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, कुत्रा घरचा असो की लस दिलेला. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही. तुमच्या कुत्र्याला रस्त्यावरचा कुत्रा चावला तरी जखम तशीच धुवून व्हेटकडे न्यायचं. आधीची लस झालेली असली तरी पुन्हा मात्रा द्यावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीत तक्रार झाली तर लसीचं पुस्तक, ट्रेनरच्या पावत्या आणि तुमची वही उपयोगी पडतात.

ट्रेनर आणि औषधं

दोन महिने प्रामाणिकपणे करूनही काहीच हललं नाही, कुत्रा घरातल्यांवरही गुरगुरतो, किंवा चावा रक्त निघण्याइतका होता, तर एकट्याने पुढे जाऊ नका. आपल्याकडे ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावतो. म्हणून फोनवर तीन प्रश्न विचारा: बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? शिकवताना मी हजर असेन का? दुसऱ्या प्रश्नाला 'करेक्शन देतो' असं उत्तर आलं तर ते करेक्शन नेमकं कसं, हे वदवून घ्या. 'महिनाभर माझ्याकडे सोडा, सरळ करून देतो' म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. तिथे काय झालं ते तुम्हाला दिसत नाही, आणि परत आल्यावर पट्टा तुम्हालाच धरायचा असतो.

काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की कितीही लांब गेलं तरी ती खाऊ घेत नाहीत. त्यांना व्हेटच्या देखरेखीखाली फ्लुऑक्सेटिनसारखं औषध देता येतं. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि औषधाबरोबर शिकवणं चालूच ठेवावं लागतं. माणसांची गोळी अंदाजाने अर्धी करून कधीही देऊ नका, आणि सुरू केलेलं औषध व्हेटला न विचारता एकदम बंदही करू नका. व्हेटकडे जाताना वही बरोबर न्या. पंधरा मीटरवर खात होता, आता चाळीसवरही खात नाही, असं लिहिलेलं दाखवलं की त्यांनाही काय द्यायचं ते ठरवणं सोपं जातं.